सोलापूर डोस

सोलापूर, १२ ऑगस्ट २०२४

सर, शरणु शरणार्थी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअॅपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता. परवा मी विचारलं, तब्येत कशी आहे, तर अंगठा. मग विचारलं, जेवण जातं का, तर परत अंगठा. अहो, तुम्ही फार्माकॉलॉजीचे प्रोफेसर होतात की तलाठी? म्हणून आज सरळ कागद घेतला. धारवाडला पोस्टमन येतो ना अजून? शरणबसवला म्हणावं, तुझ्या बाबांची विद्यार्थिनी जुन्या वळणाची आहे, पत्र आलं की हातात आणून दे.

बातमी अशी, की जानेवारीत तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण होतात आणि कॉलेज तुमचा अमृतमहोत्सव करणार आहे. शाल, श्रीफळ, हार, आणि एक गौरवग्रंथ. ग्रंथाची संपादक मी. कुणालाच ते काम नको होतं, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. 'डॉ. मल्लिकार्जुन उंबरजे यांच्या संशोधनाचा प्रभाव' हा मुख्य लेखही मीच लिहायचा आहे. सुरुवात केली आहे. दम्याचं थिओफायलिन हे औषध कुणाचं यकृत लवकर मोडून बाहेर टाकतं, कुणाचं सावकाश. लवकर मोडलं तर औषध घेऊन न घेतल्यासारखं, सावकाश मोडलं तर तेच साठून विष. एवढ्याच गोष्टीवर तुम्ही सगळी नोकरी काढलीत. हे लिहिलं आणि थांबले. पुढं सगळं कौतुकच येतं आणि कौतुक लिहायला लागले की माझी भाषा सरकारी होते.

पण २००३ सालच्या आपल्या पेपरबद्दल मनापासून लिहिणार आहे. सोलापूरच्या बायकांचं यकृत हे औषध फार झपाट्यानं मोडतं, म्हणून त्यांना दीडपट गोळी लागते. तुमच्या या एका वाक्यानं किती जणींचा दम आवरला असेल! आणि हा गुण आईकडून मुलीकडं येतो, ही तुमची उपपत्ती. पाठ्यपुस्तकात आहे, परदेशातल्या पेपरांत आहे. एका परिषदेत एक जपानी बाई माझ्या गळ्यातला बिल्ला वाचून म्हणाली, "सोलापूर? सोलापूर डोस?" चादर सोडून आपल्या गावाचं नाव जगात कशानं गेलं असेल तर तुमच्या डोसानं.

माझं बरं चाललंय. जुळे सोलापूरचा फ्लॅट, पाणी पाचव्या दिवशी, त्या दिवशी रजा टाकून बादल्या भरत बसते, कारण भरायला दुसरं कोण आहे? काकू जाऊन दोन वर्षं झाली आणि त्याच महिन्यात तुम्ही गाव सोडलंत. पण तुमच्याकडं गुरुवारी काकूंच्या हातचं जेवायची सवय माझ्या अंगातून गेलेली नाही. गुरुवारी कॉलेज सुटलं की काय करायचं ते मला कळत नाही, सर.

उत्तर पाठवा. अंगठा चालणार नाही.

तुमची,
शिवलीला बिराजदार

सोलापूर, २३ सप्टेंबर २०२४

सर,

तुमचं पत्र मिळालं. दोन पानं माझ्या शुद्धलेखनावर आणि एक पान मुद्द्यावर. "गौरव नको, पेपर नीट वाचा म्हणावं लोकांना." छापते हं हेच पहिल्या पानावर. पण खरं सांगते, तुमचं अक्षर बघून इतकं बरं वाटलं, की पाकीट आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले.

आता एक कोडं घालते. वैरागची केराबाई नावाची साठीची बाई. दमा जुना, आपल्या पद्धतीप्रमाणं दीडपट गोळीवर बरीच वर्षं मजेत. गेल्या आठवड्यात तिला दवाखान्यात आणली. तीन दिवस उलट्या, हात थरथरतायत, नाडी पळतीय, आणि दारात येता येताच फिट आली. मेडिसिनच्या लोकांना आधी मेंदूज्वर वाटला. मी सहज म्हटलं, औषधाची पातळी तरी बघू. आपलं म्हातारं यंत्र कुरकुरत का होईना, चालतंय अजून. आकडा बघून मी उडालेच! मर्यादेच्या दुपटीवर. पुन्हा लावलं, तोच आकडा.

जास्तीच्या गोळ्या घेतल्या म्हणावं तर सून शपथ घ्यायला तयार. "मीच देती रोज माज्या हातानं. एक सकाळी, एक सांजच्याला. डाक्टरनं लिवलंय तसं. मला काय येडी समजलाव का मॅडम?" दुसरं औषध? न्हाय. ताप? न्हाय. नवीन काय झालं हल्ली? "काय न्हाय. म्हयन्यामागं दात काडलं सगळं. मऊ भात खाती तवापासनं."

केराबाई आता उठून बसली आहे. मला म्हणाली, "बाई, तुमीच ती रगात तपासणारी व्हय? माज्या रगतात काय घावलं?" मी म्हटलं, औषध घावलं, मावशी. तर म्हणते, "मग बरं की! पैका वाया न्हाय गेला." ताप नाही, लिव्हर ठीक, किडनी ठीक. आपल्या 'जलद' बाईचं यकृत एकाएकी असं आळशी का व्हावं? तुम्ही सांगा. मी हात टेकले.

शिवलीला

सोलापूर, ४ नोव्हेंबर २०२४

सर! सर! सर!

बसला असाल तर बसूनच राहा. उभे असाल तर बसा.

दिवाळीला गावी गेले होते, अक्कलकोटच्या पुढं, अव्वाकडं. पाडव्याच्या सकाळी आई ओट्यावर बसलेली, तिच्या जोडीला शेजारच्या दोघी, आणि तिघींचं बोट तोंडात. मिश्री चाललेली. लहानपणापासून रोज बघितलेलं दृश्य. मी चहा घेऊन शेजारी टेकले आणि केराबाईचं डोक्यात होतंच, म्हणून उगीच विचारलं, "अव्वा, आमचा दवाखान्याचा फॉर्म भरायला तुला बसवलं आणि विचारलं, तंबाखू खाता का, तर तू काय सांगशील?"

अव्वानं बोट बाहेर काढलं. "येनवा इदु! काय इचारतीस हे? म्या तंबाकू खाती? आमी काय गडी हाव का?"

"मग हे काय आहे?"

"ही मिशेरी हाय की. दात घासायची. तुला ठावं न्हाय व्हय, डाक्टरीणबाई?" आणि तिघी माझ्याकडं बघून खो खो हसल्या.

सर, आपला फॉर्म आठवा! तंबाखू खाता का, विडी ओढता का, सिगारेट ओढता का. बायकांनी सांगितलं, न्हाय, न्हाय, न्हाय. एकीनंही थाप मारली नाही हो. मिश्री ही त्यांच्या लेखी राखुंडीच्या आणि टूथपेस्टच्या रांगेत बसते. चूल विचारली तुम्ही, स्टोव्ह विचारला, गॅसवाल्या बायका वेगळ्या काढून पडताळा घेतलात. धूर म्हणून सुटू दिला नाहीत. पण तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजून, कुटून, सकाळ-दुपार हिरड्यांना घासली, तर विडीच्या धुरातलं जे यकृताला चाबूक मारतं तेच पोटात जाणार ना? म्हणून बायका जलद! म्हणून त्यांच्याच घरचे विडी न ओढणारे पुरुष जलद नाहीत! म्हणून आईकडून मुलीकडं! वंश नाही सर, वाण आहे. आई मिश्री लावते, मुलगी तिच्या मांडीवर बसून शिकते.

आणि केराबाई! दात काढले, हिरड्या दुखायला लागल्या, मिश्री सुटली. चाबूक थांबला, यकृत साध्या चालीवर आलं, गोळी मात्र दीडपट चालूच. औषध साठत गेलं. परत आल्या आल्या तिच्या सुनेला फोन केला. "व्हय की," म्हणाली, "दात न्हाईत तर मिशेरी कशाला लावंल?" मग आज ओपीडीत बसून दम्याच्या एकेक बाईला विचारलं. तंबाखू? न्हाय. मिश्री? "व्हय, ती लावती की." सगळ्या जणी, सर. एक सोडून सगळ्या. नमुने घेतले आहेत.

आपण चुकलो. पण काय देखणं चुकलो! एकवीस वर्षं जगानं आपल्याला वाखाणलं आणि उत्तर माझ्या आईच्या बोटावर होतं. मला तर नाचावंसं वाटतंय. गौरवग्रंथातला लेख आता हाच. उंबरजे सरांनी दार शोधलं, किल्ली आता सापडली. दुरुस्तीचा पेपर तुम्ही आणि मी, पहिलं नाव तुमचं. काकू असत्या तर किती हसल्या असत्या! त्या तर घरातलाच पुरावा होत्या. तोंडातला तो पांढरा चट्टा दिसल्यावर शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही ओरडून ओरडून त्यांची मिश्री सोडवलीत, आठवतं? माझ्यासमोर डबी उकिरड्यावर टाकायला लावलीत. त्याच वेळी त्यांचं रक्त काढलं असतं तर

जाऊ दे, पोस्टाची वेळ झाली. धावते.

शिवलीला

सोलापूर, ७ नोव्हेंबर २०२४

सर,

४ तारखेचं माझं पत्र पोचलं नसेल तर आल्यावर फोडू नका. पोचलं असेल तर वाचलेलं विसरा. घाईत लिहिलं होतं. नमुन्यांत घोटाळा दिसतो आहे, यंत्रही बिघडलंय, सगळं पहिल्यापासून तपासायला हवं. बहुधा त्यात काहीही नाही.

शरणबसवला दोनदा फोन केला. तो ऑफिसात होता, संध्याकाळी पाकीट बाजूला काढून ठेवतो म्हणाला.

तुम्ही कसे आहात? अंगठा पाठवलात तरी चालेल.

शिवलीला

सोलापूर, २ डिसेंबर २०२४

सर,

महिना होत आला. अंगठासुद्धा नाही.

शरणबसवशी काल बोलले. तो म्हणाला, पाकीट त्याच्या आधी तुमच्या हातात पडलं होतं. तुम्ही व्हरांड्यात वाचलंत, घडी घातलीत आणि आत गेलात. तेव्हापासून पूजा होते, जेवण होतं, पण तुम्ही बोलत नाही. माझी पत्रं आणून देऊ नको म्हणालात. हे पत्र तो तरीही तुमच्या टेबलावर ठेवणार आहे. मी त्याला तसं करायला लावलंय. राग माझ्यावर काढा, पोरावर नको.

७ तारखेला मी खोटं लिहिलं. यंत्र ठणठणीत आहे आणि नमुन्यांत काही घोटाळा नाही. पेटीत पत्र टाकून रिक्षात बसले आणि ते अर्धं राहिलेलं वाक्य माझं मलाच पुरं झालं. तशीच रिक्षा परत फिरवली. पोस्टात जाऊन मास्तरला म्हटलं, माझं पत्र परत द्या. तो म्हणाला, मॅडम, थैली गेली.

तुम्ही धारवाडला आणि मी इथं, दोघंही तेच ते डोक्यात फिरवत बसलो आहोत. मग उघडच लिहिते. काकूंना दमा होता. गोळी तुम्हीच ठरवलेली, आपल्याच पेपरप्रमाणं दीडपट. एप्रिलमध्ये मिश्री सुटली. जूनमध्ये उलट्या सुरू झाल्या आणि आपण म्हटलं, पित्त. लिंबूसरबत दिलं. हात थरथरत होते, तर म्हटलं, अशक्तपणा. छाती धडधडते म्हणाल्या, फिट आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. दाखल्यावर हार्ट अटॅक लिहिलं गेलं. हे औषध सगळ्या जिल्ह्यात कुणाला नीट कळत असेल तर आपल्या दोघांना, आणि आपण दोघंच त्यांच्या उशाशी उभे होतो. रक्त तपासलं नव्हतं, त्यामुळं तसंच झालं हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. नाही झालं हेही नाही. माझ्या जिवाला याचं फार लागलंय, सर. तुमच्या जिवाचं काय होत असेल, त्याची कल्पना करायला घेते आणि सोडून देते.

हे तुम्हाला मीच, उड्या मारत, उद्गारचिन्हं घालून कळवलं. माझं तोंड फोडावंसं वाटतं.

पण आता कामाचं. मिश्री सोडणाऱ्या बाईची गोळी लगेच कमी करा, असं मी दवाखान्यात सांगितलं. ते म्हणाले, उंबरजे सरांचा पेपर आहे, पुस्तकात आहे, आम्ही कुणाच्या तोंडी सांगण्यावर कसं बदलणार? छापील दाखवा. आणि ज्या नियतकालिकात पेपर आला तिथं दुरुस्ती छापायची तर मुख्य लेखकाची सही लागते. तुमची.

कागद सोबत जोडला आहे. काकूंचा त्यात उल्लेख नाही. केराबाई आहे आणि ओपीडीतल्या बायका आहेत. एवढी एक सही करा. माझ्याशी बोलू नका हवं तर.

शिवलीला

सोलापूर, ६ जानेवारी २०२५

सर,

तुम्ही अमृतमहोत्सवाला येणार नाही असं समितीला कळवलंत, ते समजलं. मला नाही कळवलंत, तेही समजलं.

समितीच्या बैठकीत मी दुरुस्तीचं सांगितलं. मग डॉ. ऋतुराज, तो आपल्याकडं नवा आलेला, चुणचुणीत, बुटाला रोज पॉलिश, म्हणाला, "मॅडम, सोहळा होऊ द्या की. चुकीचा पेपर असला तरी सायटेशन ते सायटेशनच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सरांचं नाव, कॉलेजचं नाव, पाहणी समिती यायचीय, वर्षभर थांबलं तर काय बिघडतंय? मी म्हटलं, नाव सरांचं आहे, पण यकृत बायकांचं आहे. संपादकपद सोडलं आणि उठले. आता कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. एका परीनं बरं आहे, शेंगाचटणीचा डबा एकटीला पुरतो. पण एकटीनं जेवताना चावण्याचा आवाज फार मोठा येतो हो.

थांबून काय बिघडतं ते त्यांना ठाऊक नाही, तुम्हाला सांगते. तोंडाच्या कॅन्सरसाठी जिल्ह्यात मिश्री सोडवायची मोहीम निघाली आहे. चांगलीच आहे, निघायलाच हवी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवात गावोगाव बायकांना शपथ घालणार आहेत. तिळगूळ घ्या, मिश्री सोडा. वाण म्हणून टूथब्रश देणार. हळदीकुंकवात घेतलेली शपथ आपल्या बायका मोडत नाहीत. म्हणजे संक्रांतीनंतर महिन्याभरात किती दमेकरी बायका दीडपट गोळीवर आणि मिश्रीवाचून असतील, ते तुम्हीच बघा.

म्हणून तुमच्या सहीची वाट न बघता मी काल वैरागला गेले. केराबाईच्या गल्लीतल्या बायका जमवल्या आणि यकृत, चाबूक वगैरे समजावायला लागले, तर एकीला जांभई. शेवटी केराबाईच उठली. बोळक्या तोंडानं म्हणाली, "आगं, ही बाई काय म्हंती ते आइका. मिशेरी सोडायची तर सोडा, ग्वाड गोष्ट हाय. पर जिला दम्याची गोळी हाय तिनं आदी डाक्टरला सांगायचं, मिशेरी सुटली, गोळी कमी कर. म्या न्हाय सांगितलं, तर मरता मरता ऱ्हायली. माज्याकडं बगा की!" मग एकामागून एक उठून आपापल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आल्या.

मी एकटी किती गावं फिरणार, सर? वैराग धरून आसपासची तीन झाली. आज केम गावच्या आशा सेविकांशी बोलले. उद्या अक्कलकोटकडं. पुस्तकात एक ओळ बदलली तर हे सगळ्या डॉक्टरांपर्यंत आपोआप पोचेल. ती ओळ तुमच्या टेबलावर पडली आहे.

तुम्हाला माझा राग आला असेल तर येऊ दे. मलाही तुमचा आलाय. काकू माझ्याही होत्या. मला इथं त्यांच्यासाठी मोकळं रडायलाही माणूस नाही, आणि जो एक होता तो धारवाडला दार लावून बसलाय.

शिवलीला

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

सर,

तुमचं पाकीट आज मिळालं. सही केलेला कागद आत होता. सही तीच, जुन्या वळणाची. दुपारीच स्कॅन करून नियतकालिकाला पाठवला. दवाखान्यातही प्रत दिली, आणि मेडिसिनच्या साहेबांनी उभ्या उभ्या वाचून भिंतीवरचा डोसाचा तक्ता माझ्यासमोर उतरवला. एवढं झालं.

कागदामागं तुम्ही नवीन एक केस लिहून जोडली आहे. रुग्ण स्त्री, वय अडुसष्ट, दमा, दीडपट डोस. मिश्री बंद केल्यावर दोन महिन्यांत उलट्या, कंप, आकडी, मृत्यू. पातळी तपासलेली नाही. डोस ठरवणारा: पती. सगळं तुमच्या पद्धतीनं, एक शब्द जास्त नाही. आणि तिच्याखाली पेन्सिलीनं मला एक प्रश्न. "शिवलीला, ही केस घालण्याआधी एक गोष्ट खात्रीनं ठाऊक हवी. तू स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसायचीस. तिनं मिश्री खरंच सोडली होती, की माझ्यापासून लपवून लावत होती?"

बाकी मजकूर नाही. तीन महिन्यांनी माझ्याशी बोललात ते एवढंच.

सर, मी तुम्हाला पहिलं उत्तर लिहिलं ते असं होतं. "लपवून लावत होत्या. फडताळात पिठाच्या डब्यामागं पुडी असायची. मी स्वतः बघितलीय." लिहून झालं, छान वळणदार अक्षरात. वाचून बघितलं. ते वाचलं असतंत तर तुम्ही मोकळे झाला असता. मिश्री चालू होती म्हणजे यकृत जलदच होतं, म्हणजे गोळी बरोबर होती, म्हणजे काकू खरंच हार्ट अटॅकनं गेल्या. केस गळून पडली असती. कुणाचं काही बिघडलं नसतं, दुरुस्तीला केराबाई पुरेशी आहे. एका माणसाला झोप लागली असती. पाकिटाला तिकीटही लावलं होतं, सर.

मग फाडलं. मला फार तत्त्व आहे म्हणून नाही. तुम्ही ते मानलं असतंत म्हणून. माझ्या आकड्याला तुम्ही आजवर कधी दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. आताही तुम्ही दुसऱ्या कुणाला न विचारता मलाच विचारलंत, आणि मी जे लिहीन त्यावर उरलेलं आयुष्य काढणार आहात.

तर उत्तर. हो सर. सोडली होती. पूर्ण.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी काकू भाकऱ्या थापत होत्या. मी चेष्टेनं म्हटलं, काकू, खरं सांगा, चोरून लावता की नाही? तर हसल्या. म्हणाल्या, "न्हाय ग. डोस्कं दुखतंय, तोंड कसं रिकामं रिकामं वाटतंय. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर त्याच्या तोंडावर डबी फेकली असती म्या. पर ह्यांनी लगीन झाल्यापास्नं माज्याकडं कदी कायच मागितलं न्हाय. एवडं एक मागितलं. मग कसं न्हाय म्हनायचं?"

हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं, कारण ते तुमच्या-माझ्यातलं नव्हतं, त्यांचं होतं. आता तुम्ही विचारलंत. यानं तुम्हाला बरं वाटेल की जीव जाईल, मला ठाऊक नाही. माझा तर लिहितानाच चाललाय. पण एक सांगते. आपण त्यांना चुकीची गोळी दिली, हे खरं. त्यांनी तुमच्यासाठी मिश्री सोडली, हेही खरं. तुम्ही पहिलंच तेवढं घेऊन बसला आहात आणि दुसरं इतकी वर्षं माझ्याजवळ पडून होतं. आता दोन्ही तुमच्याकडं.

केस घालू या. पण 'डोस ठरवणारा: पती' ही ओळ मी काढणार आहे. डोस पेपरनं ठरवला आणि त्यावर दोन नावं होती.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी धारवाडला येते. केस समोरासमोर बसून लिहू, काही वाक्यं पोस्टानं लिहिता येत नाहीत. शरणबसवला कळवलेलं नाही. तुम्ही दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसेन. किती वेळ लागला तरी बसेन. मला परतायची घाई नाही, सर, इकडं माझी वाट बघणारं कुणी नाही.

शिवलीला